मूठभर गाठी

फार लांबच्या नाही, पण आता वाट कुणाला नीट सांगता येणार नाही अशा एका गावात एक मोजणीदार राहत होता. मोजणीदार म्हणजे जमिनी मोजणारा. चाळीस वर्षं त्यानं लोखंडी साखळी ओढत आजूबाजूच्या गावांतली शेतं मोजली. कुणाचा बांध कुठे, कुणाची हद्द किती, हे त्याच्या शब्दावर ठरायचं. माणूस सरळ होता. कुणाचं वीतभर इकडचं तिकडं त्यानं कधी केलं नाही. पण इतकी वर्षं मोजून मोजून त्याला एक खोड लागली होती. जे डोळ्यांना दिसतं आणि काठीनं मोजता येतं, तेवढंच खरं असं त्याला वाटायचं.

त्याच्या घरापुढे हिरवळ होती. वीस हात लांब, सोळा हात रुंद. बाकीच्यांची अंगणं सारवलेली, याच्या दारात मात्र हिरवंगार मऊ गवत. ते त्याच्या बायकोनं लावलं होतं. तिला सगळं गाव माई म्हणायचं. माईनं ओढ्याकाठची हरळी आणली, एकेक काडी चार चार बोटांवर खोचली आणि दोन वर्षं घागरीनं पाणी घालून ती वाढवली.

मदतीला होती धुरपदा. ही निंदणीची बाई. लोकांच्या रानातलं तण काढायचं, हाच तिचा जन्मभराचा उद्योग. हातात एक बारीक खुरपं आणि तोंडात सतत काहीतरी बडबड. कुणी ऐकायला नसलं तर ती तणाशीच बोलायची. "ये की रे बाबा वर, किती लपशील," असं काहीतरी म्हणत हळूच एकेक उपटायची. तिला घाई म्हणून कसली ती नव्हती.

संध्याकाळी माई पायरीवर बसायची. पायरीला लागूनच तुळस होती. आळीतली पोरं हिरवळीवर लोळायची, बायका तांदूळ निवडायला येऊन बसायच्या, कुणाच्या घरी हळद असली की ती इथेच लागायची. हिरवळीच्या मधोमध एक खळगा होता, चार बोटं खोल. पाणी घातलं की तिथं थोडं साचायचं आणि चिमण्या येऊन अंघोळ करायच्या. मोजणीदाराला तो खळगा डोळ्यात खुपायचा.

"एवढं सपाट करून घ्यायला पाहिजे," तो म्हणायचा.

"आधी चिमण्यांना विचारा," माई म्हणायची. मग दोघंही हसायची आणि ते तेवढ्यावरच राहायचं.

एका वर्षी कोजागरी झाली आणि दुसऱ्या दिवशी माई गेली. जाण्याआधी चार दिवस ती अंथरुणावरच होती. खिडकीतून हिरवळीकडे बघत होती. तिनं नवऱ्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "माझं बाकी काही मागणं नाही. धुरपदाला हिरवळीत काम करू द्या. आणि तिच्या हाताला घाई करू नका. एवढं एक ऐका."

मोजणीदारानं तिचा हात हातात घेतला आणि हो म्हटलं.

माई गेली तसं घर रिकामं झालं. मोजणीदार पायरीवर बसायचा. नोकरी संपलेली, मोजायला काही उरलं नव्हतं. बसल्या बसल्या त्याची नजर पुन्हा पुन्हा त्या खळग्याकडे जायची. आता विचारायलाही कुणी नव्हतं. चैत्र संपता संपता त्यानं नदीकाठचा पोयटा मागवला. एक गाडीभर काळाभोर गाळ दारात येऊन पडला.

धुरपदानं तो मुठीत घेऊन चुरगाळला. नाकाला लावला. मग म्हणाली, "दादा, माती ग्वाड हाय. पण नदीकाठची हाय. चाळून घ्या."

"माती का पीठ आहे चाळायला?"

"ह्यात लव्हाळ्याच्या गाठी असत्यात. काळ्या, हरभऱ्याएवढ्या. एक राहिली तरी घात करती."

मोजणीदारानं ढिगाकडे पाहिलं, चाळायला किती दिवस लागतील याचा हिशेब केला आणि मान हलवली. "आठ दिवस जातील. टाक तशीच."

धुरपदानं पदर खोचला. मग तिनं पाटी उचलली. खळगा भरला. उरलेला पोयटा वाया कशाला घालवायचा म्हणून मोजणीदारानं तो सगळ्या हिरवळीवर पातळ पसरून घेतला. काठी आडवी धरून बघितली. कुठे उंच नाही, कुठे सखल नाही. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तो पोटभर जेवला.

जेठात पहिली सुई वर आली. बारीक, चकचकीत, हरळीपेक्षा जरा उंच. दुसऱ्या दिवशी दहा आल्या. पंधरा दिवसांत सगळी हिरवळ विंचरायच्या फणीसारखी दिसायला लागली. लव्हाळा हा असाच असतो. वरून साधी गवताची पात, पण खाली एक काळी गाठ. त्या गाठीपासून दोऱ्यासारखं मूळ निघतं, वीतभर लांब जातं, तिथे दुसरी गाठ धरतं, तिच्यापासून तिसरी. वरचं ओढलं की हातात पात येते आणि खाली सगळं गाव तसंच वसलेलं राहतं.

सांगितलं होतं, असं धुरपदा म्हणाली नाही. खुरपं घेऊन ती खळग्याच्या जागी बसली आणि कामाला लागली.

तिची रीत अशी होती. आधी पातीभोवतीची माती बोटांनी मोकळी करायची. मग खुरप्याचं टोक तिरकं घालून गाठ सापडेपर्यंत जायचं. गाठ हाताला लागली की ओढायची नाही. तिच्यापासून निघालेला दोरा बोटांनी चाचपत पुढच्या गाठीपर्यंत जायचं, तिथून पुढच्या. सगळी माळ अलगद बाहेर आली की गाठी ओटीत टाकायच्या. एकही खाली सांडू द्यायची नाही. आणि जाताना हरळीची उचकटलेली काडी पुन्हा जागच्या जागी दाबून बसवायची. संध्याकाळी घरी गेल्यावर त्या गाठी ती तव्यावर कोरड्या भाजायची आणि मगच चुलीत टाकायची.

अशानं दिवसाला हातभर लांब, हातभर रुंद एवढीच जागा व्हायची.

मोजणीदार संध्याकाळी काठी घेऊन यायचा आणि मोजायचा. "एक हात," तो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "एक हात. आज तर चार बोटं कमीच."

"आज तीन माळा एकात एक गुतल्या व्हत्या दादा. नणंदा-भावजया जशा." धुरपदा हसायची. तो हसायचा नाही.

श्रावण गेला, भादवा लागला. मोजणीदाराच्या मनात एक गोष्ट होती. माईचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. त्या दिवशीची पंगत हिरवळीवर बसवायची, असं त्यानं ठरवलं होतं. तिनं लावलेल्या गवतावर, तिच्या नावानं, सगळं गाव जेवून जाईल. याहून मोठं त्याला तिच्यासाठी काही सुचलं नव्हतं. आणि हिरवळीची ही अशी दशा.

त्यातच समोरचा पाटील रोज ओट्यावरून विचारायचा, "काय मोजणीदार, पोयटा टाकला का लव्हाळा पेरला? पीक झकास आलंय!"

मोजणीदार मान खाली घालून आत जायचा. पाटलाचं हसणं त्याच्या मागे घरात यायचं.

एके दिवशी तो धुरपदापुढे जाऊन उभा राहिला. "हे बघ. हिरवळ तीनशे वीस हात. तू केलीस सत्तर. वर्षश्राद्धाला राहिले वीस दिवस. कसं व्हायचं?"

"न्हाई व्हायचं," धुरपदा म्हणाली.

"मग?"

"मग पंगत बसू द्या की तशीच. लव्हाळ्यावर बसली म्हणून माई काय रागावणार हाय का? त्यांना कधी घाई नव्हती."

मोजणीदाराला ते लागलं. माईला काय आवडलं असतं हे ही बाई मला सांगणार, असं त्याच्या मनात आलं. तो पाठ फिरवून आत गेला.

दहा-बारा दिवसांनी गावात एक माळी आला. लांबच्या कुठल्याशा वाड्यावर कामाला होतो, असं सांगायचा. डोक्याला गुलाबी फेटा, कमरेला विळा, खांद्यावर रुंद पात्याची कुदळ. हिरवळीकडे त्यानं नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, चार दिवस. पाचव्या दिवशी इथं गालिचा दिसेल."

"चार दिवसांत सगळा लव्हाळा काढशील?"

"नाव ठेवणार नाही शिल्लक."

मोजणीदार म्हणाला, "आधी एक दिवस करून दाखव." त्याला वाटलं, आपण न्यायानं वागतोय. एका बाजूला माळी, दुसऱ्या बाजूला धुरपदा. दिवस मावळला की दोघांचं काम मोजायचं. जास्त असेल त्याचं काम पुढे चालेल.

आळीला ते कळलं. संध्याकाळी माणसं जमली. माळ्यानं सपासप विळा चालवला होता, जिथे दाट होतं तिथे कुदळीनं खरवडून काढलं होतं. फाटकाजवळ त्यानं हिरव्या पाल्याचा ढीग घातला. मोजणीदारानं काठी लावली. दोन हात उंच. बघणारे वा वा करायला लागले.

"आता तुझं दाखव," मोजणीदार धुरपदाला म्हणाला.

धुरपदानं ओटी सोडली आणि हात पुढे केला. मुठीत काळ्या, मातकट गाठी होत्या. मूठभरच.

पाटील ओट्यावरून म्हणाला, "अगं, दिवसभरात एवढंच? शेळीच्या लेंड्या गोळा केल्यास काय?"

सगळे हसले. मोजणीदारही हसला. हसू आलं म्हणून नाही, सगळे हसत होते म्हणून.

धुरपदा पाटलाकडे वळली नाही. ती मोजणीदाराला म्हणाली, "दादा, पाला काय, जनावर बी खातं. तुम्ही वरचं मोजताय. खालचं मोजा."

"खालचं दिसतं कुठं? मी दिसतं ते मोजतो."

"तेच म्हंते मी," धुरपदा म्हणाली.

मोजणीदाराला त्या क्षणी माईचा हात आठवला. खिडकी आठवली. पण फाटकाजवळ दोन हात उंच ढीग होता आणि लोक बघत होते. तो म्हणाला, "धुरपदा, तुझं वय झालं. उद्यापासून येऊ नकोस."

कुणी हसलं नाही. धुरपदानं गाठी पुन्हा ओटीत बांधल्या. मग ती म्हणाली, "पायरीपाशी हातभर जागेतलं थोडंसं राहिलंय, माई बसायच्या तिथं. तेवढं करून जाऊ का?"

"कर," मोजणीदार म्हणाला.

माणसं पांगली. ती एकटीच अंधार पडेस्तोवर तुळशीपाशी बसून होती. त्या दिवशी ती तणाशी बोलली नाही. उठताना तिनं हरळीच्या काड्या दाबून बसवल्या, हात पदराला पुसले आणि दारात उभ्या असलेल्या मोजणीदाराला एवढंच म्हणाली, "दादा, नुसतं वरून कापू देऊ नका. त्यानं ते चिडतं. एकाची पाच हुत्यात."

माळ्यानं बोलल्याप्रमाणे केलं. चार दिवसांत हिरवळ सपाट झाली. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिच्यावर चाळीस पत्रावळी मांडल्या. लोक जेवले, हात फिरवून गवत बघितलं, म्हणाले, माईच्या हयातीतही इतकी सुरेख नव्हती. मोजणीदाराचे डोळे भरून आले. त्यानं माळ्याला सगळ्यांसमोर नवा फेटा बांधला.

धुरपदाही आली होती. पंगतीच्या शेवटच्या टोकाला बसली. जेवण झाल्यावर तिनं पत्रावळ उचलली आणि तिच्या खालची जागा तळहातानं चाचपली. तिथे बारीक, टोकदार काहीतरी हाताला लागलं. तिनं मान वर करून मोजणीदाराकडे बघितलं. तो पाहुण्यांना वाढत होता, हसत होता. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू होतं. धुरपदा पत्रावळ घेऊन निघून गेली.

आठवा दिवस उजाडला आणि सगळ्या हिरवळीवर सुया आल्या. पहिल्यापेक्षा दाट.

"एवढं तर यायचंच साहेब," माळी म्हणाला आणि विळा चालवला. पुन्हा ढीग झाला. आता अडीच हात. पुढच्या खेपेला तीन हात. रस्त्यानं जाणारे थांबून म्हणायचे, "काय काम करतोय हो तुमचा माळी!" मोजणीदार रोज ढिगाला काठी लावायचा आणि त्याला बरं वाटायचं. ढीग वाढतोय म्हणजे तण वाढतंय, इतकी सरळ गोष्ट चाळीस वर्षं मोजण्या केलेल्या माणसाला कितीतरी दिवस सुचली नाही. आणि सुचली तेव्हा ढीग फाटकाच्या खांबाएवढा झाला होता.

"अरे, हे कमी का होत नाही?" त्यानं विचारलं.

माळ्यानं मग सगळी हिरवळ कुदळीनं खोल उकरली. एकेका माळेचे दहा दहा तुकडे झाले आणि कुदळीबरोबर चारी कोपऱ्यांत गेले. धुरपदानं ज्या जागा निवडून निवडून स्वच्छ केल्या होत्या, तिथेही गेले. महिन्याभरात पात पातीला भिडली.

"आता शेवटचा उपाय," माळी म्हणाला. "खडेमीठ."

"मीठ? गवतात?"

"जालीम आहे साहेब. लव्हाळा काय, त्याचा बापही राहायचा नाही."

तीन पोती मीठ पाण्यात कालवून त्यानं हिरवळीवर ओतलं. तेवढी तुळशीभोवतीची हातभर जागा त्यानं सोडली. तिथे कुदळही लावली नव्हती. तुळशीला काही झालं तर लोक मारतील, एवढं त्याला कळत होतं.

चार दिवसांत सगळं पिवळं पडलं. लव्हाळाही पडला. मोजणीदारानं सुटकेचा श्वास सोडला. मग हरळी तपकिरी झाली, मग राखेच्या रंगाची झाली, आणि मग वाऱ्यानं तिच्या काड्या उडून रस्त्यावर जायला लागल्या. माईनं चार चार बोटांवर खोचलेली हरळी. जमिनीवर पांढरट पापुद्रा धरला. आणि एक दिवस तो पापुद्रा फोडून सुई वर आली. हिरवी, चकचकीत. मीठ गाठींच्या वरच राहिलं होतं. गाठी खोल होत्या.

माळ्यानं कुदळ खांद्यावर टाकली. "तुमची जमीनच वाईट आहे साहेब," तो म्हणाला आणि नवा फेटा बांधून गावाबाहेर पडला.

मोजणीदार बरेच दिवस घराबाहेर आला नाही. हिरवळीवर आता पोरं येत नव्हती, बायका येत नव्हत्या. पाटीलसुद्धा काही बोलायचा नाही. त्याचं गप्प बसणं मोजणीदाराला आधीच्या टोमण्यांपेक्षा जड जायचं.

शेवटी एका दुपारी तो धुरपदाच्या झोपडीपुढे जाऊन उभा राहिला. ती दारात बसून कोंबड्यांना कण्या टाकत होती. डोळ्यांवर सारा येऊन तिला नीट दिसेनासं झालं होतं.

"कोण हाय?"

"मी. मोजणीदार."

"या दादा. टेका." तिनं बाजूला सरकून जागा करून दिली. मोजणीदार जमिनीवरच बसला. कोंबड्या बडबडत होत्या.

"हरळी मेली," तो म्हणाला.

"कळलं मला."

"मी माईला शब्द दिला होता."

धुरपदानं कण्यांचं सूप खाली ठेवलं. "ठाव हाय. तुम्ही दिला तवा मी खिडकीखालीच निंदत हुते."

मोजणीदाराला वर बघवेना. "मग तू बोलली का नाहीस? त्या दिवशी, सगळ्यांपुढे?"

"सबूद तुमचा व्हता दादा. मी कशी आठवण करू? आठवत न्हाई असं थोडंच व्हतं तुम्हास्नी."

कोंबडी त्याच्या पायावरून चालत गेली. तो म्हणाला, "परत ये, धुरपदा. पहिल्यापासून सुरू कर. मी मोजणार नाही. किती दिवस लागतील?"

धुरपदानं मनातल्या मनात काही जुळवलं. "दिवस न्हाई. आधी मीठ धुवून जायला दोन वर्सं. मग गाठी. मग हरळी लावायची. सात वर्सं धरा."

"चालेल. सात तर सात."

"माझ्यापाशी सात न्हाईत दादा," धुरपदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारात मीठ-मिरची संपली असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. "तुमच्यापाशी हायेत का?"

मोजणीदारानं हिशेब केला. जन्मभर त्याचा हिशेब चुकला नव्हता, तो आताही चुकला नाही. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

धुरपदा उठली, चाचपत आत गेली आणि आढ्याला खोचलेलं खुरपं घेऊन आली. पातं झिजून झिजून बोटाएवढं राहिलं होतं. "हे न्या. तिरकं घालायचं. गाठ घावली की वढायची न्हाई."

मोजणीदार घरी आला. पायरीपाशी, तुळशीच्या बुंध्याला हातभर हरळी अजून जिवंत होती. मऊ, हिरवी, एकही सुई नसलेली. बाकी सगळीकडे लव्हाळा होता आणि तो तीन बाजूंनी तिच्याकडे सरकत होता. मोजणीदार गुडघ्यांवर बसला. कडेची पहिली पात त्यानं धरली, माती मोकळी केली, खुरपं तिरकं घातलं. गाठ लागली. आनंदानं त्यानं ती ओढली, आणि दोरा तुटला. पुढची माळ खालीच राहिली.

त्या दिवशी त्याच्याकडून बोटभर जागाही झाली नाही.

पण तो रोज बसायला लागला. तुटता तुटता त्याचा हात शिकला. काठी त्यानं फाटकाच्या कोपऱ्यात ठेवून दिली, ती पुन्हा उचलली नाही. हरळीच्या चार काड्या तो दर पावसाळ्यात पुढे लावायचा, निम्म्या मिठानं करपायच्या, निम्म्या जगायच्या. कधी कधी जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो पुटपुटताना ऐकू यायचा. "ये बाबा वर," असं काहीसं.

असा तो तीन वर्षं बसला. चौथ्या वर्षी तो गेला.

तेराव्याला गाव जेवायला आलं. कुणीतरी म्हणालं, माईच्या वर्षश्राद्धासारखी पंगत हिरवळीवरच बसवू या. पत्रावळी घेऊन माणसं बाहेर आली. सगळीकडे गुडघाभर लव्हाळा माजला होता. तुळशीपाशी तेवढी स्वच्छ, मऊ हरळी होती, तीन वर्षांत जेमतेम वीतभर पुढे सरकलेली. तिथे एकच पत्रावळ मांडता आली.

"इथं बसवायचं कुणाला?" पाटलानं विचारलं.

"धुरपदा असती तर तिला बसवलं असतं," कुणी म्हणालं. पण ती आदल्या साली गेली होती.

कुणीच बसलं नाही. बाकीच्यांच्या पत्रावळी रस्त्यावर मांडल्या. त्या एका पत्रावळीवरचा भात दुपारपर्यंत वाळून गेला. तो टिपायला चिमण्यादेखील आल्या नाहीत. त्यांचा खळगा कधीच भरून टाकला होता.

तात्पर्य: वरवर कापणाऱ्याचा ढीग मोठा दिसतो आणि मुळापर्यंत जाणाऱ्याची मूठ लहान दिसते. ज्यानं ढीग बघून मूठ हाकलून दिली, त्याला चूक पुढे कळतेच. पण ती निस्तरायला लागणारी वर्षं तेव्हा त्याच्यापाशी उरलेली नसतात.